लांबचं पकडणारं कार्ड

व्यंकटरावांनी आयुष्यात हट्ट असा एकच केला, आणि तो नेमका नको तिथं केला. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं," असं व्याह्यांना ठणकावून सांगून आठव्या महिन्यात लेकीला, जाईला, पुण्याहून कुरुंद्याला घेऊन आले. जावई चिन्मयची नोकरी दिवाळीतच गेलेली. घर चालायचं ते जाईच्या पगारावर. तिच्या साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली खरी, पण सोमवारी सकाळी दहाला नव्या गिऱ्हाइकापुढं तासभर बोलून दाखवायची अट घातली. ते जमलं नाही तर तिची जागा दुसऱ्याला.

"बाबा, नेट राहील ना?" जाईनं निघतानाच विचारलं होतं.

"अगं, शाळेत कारकुनी करता करता दहा कॉम्प्युटर जगवले मी. घरातल्या नेटचं काय घेऊन बसलीस!"

बोलाफुलाला गाठ पडावी तसं गुरुवारी विजेचा दाब वाढला आणि वायफायचा डबा जळाला. नवा मिळायला पंधरा दिवस. भिंतीपर्यंत आलेली लाईन धडधाकट होती, पण ती घरात फिरवणारं काही उरलं नव्हतं. काम कंपनीच्याच लॅपटॉपवर करायचं, त्या चपट्याला वायर खुपसायला जागा नाही, आणि दगडी घराच्या आतल्या खोलीत मोबाईलची रेंज औषधालाही सापडत नाही. गच्चीवर थोडी यायची. पण जाईच्या आईनं, गंगूताईंनी, लेकीला जिना चढायची सक्त मनाई केली होती.

व्यंकटरावांनी शाळेच्या लिलावातला छोटा कॉम्प्युटर माळ्यावरून काढला आणि त्याचाच राऊटर करायला घेतला. अडलं ते फक्त वायरलेस कार्डापाशी. ते आणायला शनिवारी वसमतला रूपसिंगच्या दुकानी गेले.

रूपसिंगनं दोन कार्डं पुढं ठेवली. आता कुरुंद्याचा माणूस कार्ड कसं पारखणार? गावानं वर्षानुवर्षं पाण्याच्या टाकीवर चढून रेंज पकडलेली. लांबचं पकडेल ते चांगलं, एवढीच गावाची कसोटी. व्यंकटरावांनी दोन्ही कार्डं दुकानातल्या मशीनवर लावून बघितली. पहिल्यानं आजूबाजूची चार वायफाय दाखवली. दुसऱ्यानं अकरा, त्यात पार एसटी स्टँडवरच्या हॉटेलाचंसुद्धा!

"हेच द्या."

"पर साहेब, राऊटरसाठी तर ते पहिलं…"

"चार नावं पकडणारं कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवू? बांधा हे."

रूपसिंगनं बांधून दिलं. शहाण्याला शिकवायला कोण जाणार?

रविवारी कार्ड बसलं. शेजारच्या लखमाच्या मोबाईलचं वायफाय, त्यात नेट नसलं तरी, एका झटक्यात पकडलं, आणि व्यंकटरावांनी मिशीवरून हात फिरवला. पण स्वतःचं वायफाय काही उमटेना. पडद्यावर एकच ओळ येत राहिली: हे कार्ड प्रक्षेपण करू शकत नाही. त्यांनी अँटेना बदलल्या, सगळं पुसून पुन्हा टाकलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन रूपसिंगला फोन लावला.

"साहेब, ते नुसतं घ्यायचं कार्ड हाय. दुसऱ्याला द्यायचं त्याला जमत न्हाई. तेच सांगून राहिलो होतो मी, तुमी ऐकूनच घेतलं न्हाई. आता मी लग्नाला आलोय, परभणीला. उद्या साडेनवाला दुकानावर येतो."

सोमवारी व्यंकटराव नवालाच दुकानाच्या पायरीवर बसले. रूपसिंग पोचला पावणेदहाला. पहिलं कार्ड खिशात घालून त्यांनी स्कूटर पिटाळली. वाटेत हळदीच्या पोत्यांचा ट्रॅक्टर आडवा झाला तेव्हा हा सभ्य कारकून आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात आई-बहिणीवर आला.

इकडं दहा वाजले तशा गंगूताई स्वतःच उठल्या. आपलीच मनाई मोडून, लेकीच्या कमरेला हात देत एकेक पायरी करत तिला गच्चीवर घेऊन गेल्या. जाईनं मोबाईलवर बोलायला सुरुवात केली. दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा लागलंच नाही. पोटावर हात ठेवून ती तापलेल्या गच्चीवर उभी राहिली आणि गंगूताई तिच्या डोक्यावर पदर धरून.

दहा चाळीसला कार्ड बसलं. घाईघाईत बसवूनही पहिल्याच फटक्यात चाललं. खाली आलेल्या जाईच्या लॅपटॉपवर रेंज भरून आली, आणि त्याबरोबर साहेबांचं पत्रही आलं. काम दुसऱ्याला दिलं होतं. महिनाअखेरीपासून तिची गरज नव्हती.

व्यंकटरावांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "मी बोलतो साहेबांशी. सांगतो, चूक माझी आहे."

"त्यांना काय त्याचं, बाबा?"

ते खाटेवर बसले. स्क्रू-ड्रायव्हर अजून मुठीतच होता. "मी तुला आणलं नसतं, तू पुण्यातच राहिली असतीस, तर नोकरी टिकली असती. व्हय ना गं?"

एरवी बापाचं मन मोडू नये म्हणून "नाही हो बाबा" चटकन ओठावर असायचं तिच्या. आज जाईनं लॅपटॉप मिटला. "हो," म्हणाली, आणि आतल्या खोलीत जाऊन नव्या वायफायवरून चिन्मयला फोन लावला.