आकारामाने गप्प केलेले पाणी

आष्ट्याच्या आकारामाचा नळकामातील एक लौकिक सांगलीत सर्वश्रुत होता: त्याने जोडलेला नळ वाजत नसे. भिंतीतून पाणी वाहते आहे हे घरच्यांना उमगूही नये, अशी त्याची विद्या. या मितभाषी गृहस्थाने बारा वर्षे एक सूड अग्निहोत्रासारखा जपला आणि सिद्धीस नेला. ही हकीकत मला त्यानेच सांगितली. सांगताना त्याच्या स्वरात पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.

तारुण्यात आकाराम गावच्या भजनी मंडळात अभंग उचलून धरी. १९८४ साली तो सांगलीत गायनाचार्य गंगाधरबुवांच्या घरी मोरीचा नळ दुरुस्त करीत असता स्वतःशीच गुणगुणत होता. बुवांनी त्याला शिष्यांसमोर बोलावले. "गा पाहू जरा मोठ्यानं." तो भाबडेपणाने गायला, हात जोडून, नेत्र मिटून. अभंग संपताच बुवा उद्गारले, "अरे, तुझ्यापेक्षा तुझी तोटी सुरात गळते!" शिष्यवर्ग खो खो हसला.

त्या आठवड्यापासून आकारामाने भजनात टाळ तेवढा धरला. तोंड उघडले नाही. पत्नी हरणाबाई विचारी, "आवं, गळ्याला काय झालंय?"

"गळ्याला न्हाई, कानाला झालंय. ते हसणं जातच न्हाई."

१९९६ साली बुवांची साठी आली. त्यांचा मुलगा राजस याने पुण्याहून एक भव्य मत्स्यपेटी आणून दिवाणखान्यात मांडली. तिच्यातले पाणी काठावरून ओसंडून नळीवाटे खालच्या कपाटातील टाकीत उतरे आणि पंप ते पुन्हा वर चढवी. रचना देखणी, परंतु नळी अहोरात्र घोरे. आणि त्याच दिवाणखान्यात, साठीच्या निमित्ताने, आठ वर्षांच्या खंडानंतर बुवा गाणार होते. पंप बंद करावा तर मासे वर येऊन धापा टाकू लागत. दोन कारागीर हरले, तेव्हा आकारामाला निरोप गेला. बुवांना तो जुना प्रसंग आठवतही नव्हता. ही गोष्ट आकारामाला मूळ अपमानाहूनही अधिक झोंबली.

त्याने नळीला कान लावला. "बुवा, पाणी न्हाई बोलत. पाण्याबरुबर वारं खाली जातंय, ते बोलतंय."

एका नळीच्या जागी त्याने तीन बसवल्या. पहिलीचे तोंड सदैव पाण्याखाली. तिच्या तळाशी व्हॉल्व्ह. तो इतका आवळायचा की नळी पाण्याने भरलेलीच राहावी, वाऱ्याला शिरकावच मिळू नये. दुसरीचे तोंड किंचित उंच. उरलेले पाणी तिच्या अंगाने सुतासारखे सरकत खाली जाई. तिसरी सर्वांत उंच आणि कोरडी. पहिली तुंबलीच तर घर वाचवण्यासाठी. पंप सुरू केला. क्षणभर खळखळ झाली, आणि मग पाणी निःशब्द झाले.

"धन्य आहेस!" बुवा हर्षले. "पण बैठकीत दगा नाही ना देणार?"

"सांजच्याला लाईट कमीजास्ती हुती, पंपाचं पाणी बदलतं. मी हितंच बसतो की व्हॉल्व्हपाशी."

वस्तुतः तेवढा फरक दुसऱ्या नळीने सहज सांभाळला असता. बसण्याचे प्रयोजन निराळे होते. बुवा तारषड्जाला पोहोचले की व्हॉल्व्ह जरासा सैल करायचा. नळीत वारे शिरेल, ती घोरेल, आणि सांगलीची जाणती मंडळी बुवांना हसतील.

बैठकीला दिवाणखाना भरला. कपाटाशेजारी मांडी घालून आकाराम बसला, हात व्हॉल्व्हवर. बुवांनी ख्याल संथपणे मांडला, आणि ते वर चढू लागले. आकारामाची बोटे वळली.

पण षड्ज लागलाच नाही. स्वर चिरकला. बुवांनी पुन्हा झेप घेतली, पुन्हा चिरकला. ते खोकले, त्यांनी पाण्याचा घोट घेतला, आणि मग त्यांची दृष्टी मत्स्यपेटीकडे वळली. आकारामाला ती दृष्टी तत्काळ समजली. एखादी गुळगुळ व्हावी, तिच्यावर संतापावे आणि त्या निमित्ताने गाणे आवरते घ्यावे, एवढीच त्या वृद्ध गायकाची याचना होती.

आकारामाने व्हॉल्व्हवरचा हात अलगद काढून घेतला.

मासे संथ फिरत राहिले. त्या अभंग शांततेत बुवांचा प्रत्येक तडकलेला स्वर शेवटच्या श्रोत्यापर्यंत स्वच्छ पोहोचत होता. हसले कोणीच नाही. माना मात्र खाली गेल्या. अखेर बुवांनी तंबोरा थांबवला.

मंडळी उठू लागली तसे बुवा कपाटापाशी आले. "आकाराम, मधे काहीतरी वाजत होतं ना रे?"

आकारामाने उभे राहून हात जोडले, आणि तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "न्हाई बुवा. एक थेंब वाजला न्हाई. इचारा की मंडळींस्नी."

कोणी काही बोलण्यापूर्वीच राजस कौतुकाने पुढे आला. "खरंच बाबा. अगदी टाचणी पडली तरी ऐकू आली असती."