खांद्यावरचा हात

वणीत माझं फोटोचं दुकान आहे, पंचवीस वर्षं होऊन गेली. दिवसभर तोंड चालूच असतं — मान जराशी डावीकडं, हनुवटी खाली, हं, बस. पण आता जे लिहितो आहे ते या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. ज्या मित्रांसोबत तो प्रवास केला त्यांना माहीत नाही. बायकोला सांगायचं ठरवून दोनदा तिच्यासमोर जाऊन बसलो — आणि दोन्ही वेळा चहा पिऊन उठलो.

कुठून सुरुवात करू? आधी माझ्या धंद्यातलं एक काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

घरात माणूस गेलं की तेरवीच्या आत त्याचा फोटो लागतो, हार घालायला. पुष्कळदा त्याचा एकट्याचा धड फोटोच नसतो. मग लोक कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येतात. त्यातून तो एक माणूस मी वेगळा काढतो, मागं निळा पडदा भरतो. आणि जवळजवळ दरवेळी त्याच्या खांद्यावर कोणाचातरी हात असतो — साळ्याचा, मित्राचा, नाहीतर लेकीचा. तो हात पुसायचा आणि त्याखालचा शर्ट पुन्हा भरायचा. एकदा मारेगावकडचा एक जण म्हणाला, "भाऊ, हात काढून टाका, अन् बाबाले कोट घालून द्या. जित्ता होता तं म्हणे, मले काय कलेक्टर व्हाचं हाय? आता कसा नाही म्हणते पाहू." तो हसला, मीही हसलो. मग तो बराच वेळ खिशात रुमाल शोधत राहिला.

म्हणजे बापाच्या फोटोसाठी माणूस काउंटरपाशी कसा उभा राहतो, हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी नागपूरच्या आमच्या कॅमेरा-मंडळींसोबत मी उझबेकिस्तानला गेलो. आयुष्यात पहिलं विमान. बाकीचे मशिदींच्या निळ्या घुमटांच्या मागं लागले होते, मला माणसं हवी होती — साधी, रोजची. भाजी विकणारी, रोटी भाजणारी. नवरा-नवरीचे फोटो काढणारा एवढीच ओळख मला बोचायची. आपल्याला खरी फोटोग्राफी येते, हे मला एकदा दाखवायचं होतं. कोणाला? ते आजही नीट सांगता येत नाही.

इकडं लग्नात एखाद्या बाईनं पदर तोंडावर ओढला तर मी कॅमेरा खाली घेतो. ती रीतच आहे. तिकडं बाजारात बायांनी तोंड फिरवलं, हातानं नको नको केलं, तरी मी बटण दाबत राहिलो. तिकडं मला कोण ओळखत होतं? परक्या गावात माणूस इतक्या लवकर बदलतो — की तो मुळात तसाच असतो?

चौथ्या दिवशी गाडी एका खेड्याजवळ थांबली आणि मी बघतच राहिलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. बोंडं फुटलेली, बाया ओळीनं कापूस वेचताहेत. राळेगाव तालुक्यात, आमच्या शेतात उभा आहे असं वाटलं. रस्त्याकडेच्या घरासमोर लाकडी बाजेवर एक म्हातारा बसला होता. बाकीचे गाडीपाशीच राहिले; त्यानं मला बोलावलं, बिनदुधाचा चहा दिला, रोटी तोडून हातात ठेवली. त्याची बोटं बोंडाच्या टोकांनी चिरलेली होती. मी माझी बोटं दाखवली — लहानपणी वेचणीत कापलेल्याच्या बारीक खुणा अजून आहेत. त्यानं माझा हात धरून जवळ नेऊन पाहिला आणि असा हसला, की जणू मी त्याचा भाचाच.

त्याची मुलगी शाळेत शिकवायची. दिलनोजा तिचं नाव. बापाला ती 'दादा' म्हणायची. थोडं इंग्रजी, उरलेलं फोनवर भाषांतर करून, असं आमचं बोलणं झालं. मी फोटोचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दादा फोटोला बसत नाहीत. फोन दिसला की उठून जातात." पण म्हातारा उठला नाही. पाहुण्यानं मागितलं होतं ना.

मी वीसेक फोटो काढले. तो ताठ बसलेला, डोळे मेल्यासारखे. मग काय झालं — ती मागून आली, शेजारी उभी राहिली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं वर पाहिलं. तिच्याकडं नाही, कुठंतरी लांब. त्या एका फोटोत त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मला पुन्हा कोणाच्या डोळ्यांत मिळालेलं नाही. तिनं माझा नंबर घेतला. हा फोटो नक्की पाठवा, असं तीनदा म्हणाली. मी तीनदा हो म्हटलं.

मग मी घरी आलो. आणि इथून पुढं — इथून पुढं मला लिहायला जड जातं.

एका स्पर्धेची तारीख जवळ होती. तोच फोटो पाठवायचा होता, पण त्यात ती होती. ती असली की तो एक सुखी म्हातारा — आणि सुखी म्हाताऱ्याला कोण बक्षीस देतो? मी तिला कडेनं कापलं. खांद्यावरचा हात मात्र कापता येईना. तो मी पुसला. दुकानात पुसतो तसाच, चहा निवायच्या आत. खालचा कोट पुन्हा भरला. रंग काढून टाकले. खाली नाव लिहिलं — 'निराधार'. फोटोत काही फेरफार केलेला नाही, अशा कागदावर सहीही केली.

पहिलं बक्षीस मिळालं. नागपूरच्या मंचावर कोणीतरी त्या माणसाबद्दल विचारलं. मी म्हणालो, त्याचं जगात कोणी नाही. ज्याच्या लेकीनं मला परत परत चहा ओतला, त्याच्याबद्दल मी हे म्हणालो.

फोटो मोठा करून दुकानात लावला. सुनंदा, माझी बायको, त्याच्यापुढं उभी राहिली. कॅमेऱ्यातले फोटो मी तिला आल्याआल्या दाखवले होते, हे मी विसरलोच होतो.

"याच्यापाशी पोरगी होती नं एक? तिचा हात कोठी गेला?"

"तो दुसरा फोटो," मी म्हणालो.

"अस्सं," ती म्हणाली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. तिला काय कळलं असेल?

दिलनोजाचे मधे दोन निरोप आले होते — फोटो? 'पाठवतो' एवढं लिहून मी ते तसंच ठेवून दिलं. बक्षिसानंतर महिन्याभरानं तिसरा आला. दादा गेले. त्यांचे कागदपत्रांसाठी काढलेले फोटो आहेत, माझ्यासोबतचा एकही नाही. तुमच्याकडं आहे. पाठवाल का?

पाठवायला काय लागत होतं? एक बोट. पण आमच्या मंडळींपैकी तिघे गाडीपाशी तिला भेटले होते आणि फेसबुकवर तिच्याशी जोडलेले होते; ती त्या म्हाताऱ्याची लेक, हे त्यांना माहीत नव्हतं. तिनं तो कुठं टाकला असता तर हात दिसला असता, मुलगी दिसली असती. बक्षीस गेलं असतं, गावात छी-थू झाली असती. मी तिला लिहिलं, कॅमेऱ्याचं कार्ड खराब झालं, सगळे फोटो गेले.

कार्ड खराब झालं नव्हतं. फोटो माझ्यासमोर उघडा होता. तो तसाच राहिला तर कधीतरी कोणाच्या हाती लागेल, म्हणून मी तो कॉम्प्युटरमधून पुसला, कार्डातून पुसला, मग कचरापेटीत जाऊन तिथूनही पुसला. तसा फोटो आता कुठंच नाही. बाप-लेक एकत्र असलेला जगात एकच होता — तो मी संपवला. घाबरून नाही, घाईत नाही. दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, नीट बसून.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. वाईट वाटलं, पण यात तुमचा काय दोष? त्या दिवशी दादा किती दिवसांनी हसले होते. तुम्ही आमच्या घरी आलात, त्यांच्याजवळ बसलात, त्याबद्दल तुमचे खूप आभार.

मी लिहिलं, आभार कसले मानता.