ओरेस्टचा अकरावा नियम

यंदाच्या मोसमाच्या पुस्तिकेत ओरेस्ट बाबिचवर दोन पानं हवीत असं क्लबच्या कमिटीनं ठरवलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. "डोरीन, तू त्याला चाळीस वर्षं ओळखतेस, तूच लिही," म्हणाले. ओळखते खरी. इतकी ओळखते, की तीन आठवडे कागद पुढ्यात घेऊन नुसती बसले. चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा फाडून टाकली, कारण सगळं खोटं वाटत होतं. आता जसं आहे तसं लिहिते. छापायचं की नाही ते कमिटीनं बघावं.

ओरेस्ट आमच्या गावच्या धान्याच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी, एकतीस वर्षं बसला. गव्हाचा ट्रक आत शिरला की आधी नजरेनंच वजन सांगायचा, मग काटा बघायचा, आणि दोन्ही जुळलं नाही तर काट्यावर डाफरायचा. संध्याकाळी मात्र तो बॅजर्सचा. बॅजर्स म्हणजे आमच्या गावच्या पोरांचा फुटबॉल संघ; फुटबॉल म्हणजे आमच्याकडचं, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं. ओरेस्ट त्यांना लाथेनं उडवलेला चेंडू कसा झेलायचा आणि तो घेऊन कसं पळायचं ते शिकवायचा. तरुणपणी तो रेजायनाच्या मोठ्या संघाच्या निवडीला गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं. "दोन दिवस ठेवून घेतलं की नाही?" असं तो स्वतःच हसत सांगायचा.

सरहद्द आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे लहानपणी शनिवारी रेडिओवर आपलं कॅनडाचं फुटबॉल आणि रविवारी चर्चहून आल्यावर टीव्हीवर पलीकडचं अमेरिकेचं, असं दोन्ही त्यानं पोटभर घेतलं होतं. त्यातून बायको केली ती सरहद्दीपलीकडची, नॉर्थ डकोटाची. अर्लीन तिचं नाव. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. ऑगस्ट उजाडला, की त्या दोघांचं भांडण ऐकायला मी मुद्दाम त्यांच्याकडे कॉफीला जायची.

"दहा यार्ड पुढे जायला चार संधी?" ओरेस्ट सुरू करायचा. "आमची पोरं तीनमध्ये जातात. तुमची काय रांगत जातात का?"

"आणि तुमच्यात गोल हुकला तरी एक गुण मिळतो!" अर्लीन ओट्याजवळून ओरडायची. "हुकल्याबद्दल बक्षीस! माझ्या आईनंसुद्धा माझे इतके लाड केले नाहीत गं डोरीन."

"तो नियम समजायला डोकं लागतं."

"लागत असेल. म्हणून तर तुमच्यात माणूससुद्धा एक जास्त लागतो. आमची अकरा करतात ते काम तुम्हाला बारा जणांत जमत नाही."

"मैदान बघ की आमचं. लांब आहे, रुंद आहे..."

"असणारच. जमिनीशिवाय तुमच्याकडे दुसरं आहे काय?"

यावर ओरेस्ट बटाट्याचं सारण भरलेली तिसरी पिरोगी ताटात घ्यायचा. त्या पिरोगी अर्लीन सासूकडून शिकली होती, आणि सासूपेक्षा चांगल्या करायची. हे मी सासूबाई असेपर्यंत कधी बोलले नाही.

खाणीवर कामाला आलेली अमेरिकन कुटुंबं गावात बरीच. त्यांची पोरं खेळत आलेली, अंगानं तयार, पण सगळी तिकडच्या नियमांत मुरलेली. म्हणून मोसम सुरू होण्याआधी ओरेस्ट त्यांचा वर्ग घ्यायचा. बर्फावर कर्लिंग खेळायच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर, टेबलावर केचपच्या बाटल्या आणि मिठाच्या डब्या मांडून. बारा बाटल्या आमच्या, अकरा डब्या त्यांच्या. शेवटी हातानं लिहिलेला एक कागद वाटायचा: दोन्ही खेळांतले फरक, एकेक मुद्दा करून. तो कागद दर वर्षी नव्यानं लिहायचा. मागच्या वर्षीचा वापरला तर पोरांना शिळं वाढल्यासारखं होतं म्हणे. मी शाळेच्या ऑफिसात होते, त्यामुळे प्रती काढायचं काम माझं.

त्या कागदावर एक मुद्दा होता तो अर्लीनचा. अमेरिकेत समोरच्यानं चेंडू उंच उडवला, की झेलणाऱ्यानं डोक्यावर हात हलवायचा. हात हलवला की झालं, त्याला कोणी शिवायचं नाही. चेंडू झेलायचा आणि खुशाल उभं राहायचं. आमच्याकडे हात हलवून काही होत नाही. चेंडू हातात पडेपर्यंत समोरच्यांनी पाच यार्ड लांब थांबायचं, आणि पडला की तुटून पडायचं. झेलणाऱ्यानं पळायलाच हवं. ओरेस्टला हे इतकं उघड वाटायचं, की सुरुवातीला त्यानं ते लिहिलंच नव्हतं. अर्लीन म्हणाली, "अरे, लहानपणापासून त्यांना सांगितलंय की हात वर केला की आपण सुखरूप. आधी ते काढ त्यांच्या डोक्यातून." तेव्हापासून दर वर्षी ती त्याला आठवण करायची. "हाताचं लिहिलंस का रे?"

सतरा वर्षांपूर्वी, ऐन ऑगस्टमध्ये, अर्लीनचं ऑपरेशन निघालं. ओरेस्ट आठवडाभर सास्काटूनच्या हॉस्पिटलात तिच्या खाटेशेजारी. वर्ग रद्द झाला. त्यानं तिथंच बसून कागद लिहिला, एका दुपारी कपडे न्यायला गावात आला, आणि ट्रकमधून खालीसुद्धा न उतरता माझ्या हातात दिला. "तेवढ्या प्रती काढ, डोरीन. आणि जमलं तर पोरांना वाचून दाखव."

माझ्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. घरात पाहुणे होते, केकवाल्या बाईनं ऐनवेळी हात वर केले होते. मी कागद यंत्रावर ठेवला, चौदा प्रती काढल्या, क्लबातल्या पोरांच्या खणांत एकेक टाकली आणि पळाले. वाचून दाखवणं राहूनच गेलं. कागद उलटून बघितलाही नाही.

त्या वर्षी नवा आलेला कोल्बी रॅझमसन अमेरिकेतल्या माँटॅनाचा. एकोणीस वर्षांचा, हसरा, अति नम्र. मला "मॅडम" म्हणायचा, तर बाकीची पोरं त्याची टर उडवायची. संघात येऊन तीनच दिवस झाले होते. मोसमाआधीच्या सरावसामन्यात आमचा झेलणारा लंगडायला लागला, म्हणून त्याला पाठवलं. चेंडू उंच गेला. कोल्बीनं खाली येऊन झकास डोक्यावर हात हलवला, चेंडू छातीशी घेतला आणि ताठ उभा राहिला. चेंडू पंचाकडे द्यायला त्यानं हात पुढे केला, तेवढ्यात दोघं येऊन आदळले. त्यांचा काही दोष नव्हता. कडेनं सगळे "पळ, पळ" ओरडत होते, आणि तो आमच्याकडे बघत होता, की हे का ओरडताहेत. त्याची ती नजर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गुडघा पार गेला. तो परत कधी खेळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात फाइल उघडली. कागद उलटा केला. मागच्या बाजूला ओरेस्टच्या अक्षरात एकच मुद्दा होता, मोठ्या अक्षरांत: "११. हात वर करू नका. इथं कोणी थांबत नाही. पळा." खाली दोन रेघा मारल्या होत्या.

कागद हातात असतानाच ओरेस्टचा हॉस्पिटलातून फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "डोरीन, मी हाताचं लिहिलं होतं ना गं? मला काही आठवत नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. तू कागद बघितलास. होतं का त्यात?"

मी म्हटलं, "नाही रे. नव्हतं."

का म्हटलं, हे मी सतरा वर्षं स्वतःला विचारते आहे. भीती वाटली, एवढंच. त्याची बायको हॉस्पिटलात होती, त्याला लोक समजून घेतील. मला कोण घेणार, असा हिशेब त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यानं केला. आणि तो बरोबरही निघाला. गाव ओरेस्टला एक शब्द बोललं नाही. ओरेस्टनं मात्र शिकवणं सोडलं, वर्ग सोडला. सामन्याला यायचा तो लांबच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा. मैदानाचे पट्टे तेवढे तो अजून मारतो, तेही आसपास कोणी नसताना. आणि वर्ग? वर्ग मी घ्यायला लागले. निर्लज्जपणे. हाताचा नियम पहिला ठेवून.

सहा वर्षांपूर्वी अर्लीन गेली. तिच्या उशाशी मी तीन आठवडे बसले, पण हे तिला सांगितलं नाही.

आता कमिटीला मैदानाला ओरेस्टचं नाव द्यायचंय. त्यानं साफ नकार दिला. "ज्यानं एका पोराचा पाय घालवला, त्याच्या नावाची पाटी? काहीतरीच," म्हणाला. झालं, त्याला पटवायचं कामही माझ्याकडेच आलं. गेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी मैदानावर गेले. तो मधल्या रेषेवर दोरी ताणून गुडघ्यावर बसला होता.

"आलीस का पाटीचं सांगायला?" मान वर न करता तो म्हणाला. "पाठवलं वाटतं त्यांनी. जा परत. अठ्ठ्याहत्तरचा झालो तरी माझं डोकं अजून माझंच आहे."

"ओरेस्ट, तू लिहिलं होतंस," मी म्हटलं.

"काय?"

"हाताचं. मागच्या बाजूला होतं. मी एकाच बाजूची प्रत काढली. दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं. तू फोन केलास तेव्हा कागद माझ्या हातात होता."

तो उठला नाही. पट्टे मारायचं रंगाचं यंत्र चालूच राहिलं होतं आणि एका जागी पांढरं थारोळं साचत होतं. ते मीच वाकून बंद केलं.

तो म्हणाला, "सतरा वर्षं."

"हो."

"तू माझ्या घरी दर आठवड्याला कॉफी प्यायला यायचीस."

"हो."

"अर्लीन जाताना काय म्हणाली माहितेय तुला?" आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "म्हणाली, त्या वर्षी मी आजारी पडले नसते तर तुला हाताची आठवण केली असती. त्या पोराचा पाय माझ्यामुळे गेला. मी म्हटलं, नाही गं, माझ्यामुळे. ती म्हणे माझ्यामुळे, मी म्हणे माझ्यामुळे. शेवटच्या दिवशी हेच भांडत होतो आम्ही, डोरीन. जे झालंच नव्हतं त्याच्यावरून."

मी रडायला लागले. त्याला ते आवडलं नाही.

"माझ्यापुढे रडू नकोस. तिला कोण सांगणार आता, ते सांग. तू सांगणार आहेस?"

माफ कर, एवढंच म्हणाले, आणि म्हणताना ते किती हलकं आहे हे मला कळत होतं.

ओरेस्ट दोन्ही हात जमिनीवर टेकवून सावकाश उठला. रंगाची बोटं विजारीला पुसली, खिशातून मोबाईल काढला, लांब धरून डोळे बारीक करत त्यावर काहीतरी दाबलं आणि तो माझ्या हातात दिला.

"कुणाला लावलास?" मी विचारलं.

"एक माणूस अजून आहे, ज्याला सांगता येईल. सांग."

पलीकडे दोनदा वाजलं. मग एक मोठा, आनंदी आवाज आला. सतरा वर्षांत जाडावला होता, तरी मी ओळखला.

"ओरेस्ट! म्हाताऱ्या, ऑगस्ट लागला म्हणायचा! यंदाही माफी मागणार असशील तर आधीच सांगतो, फोन ठेवून देईन. किती वेळा सांगू, मी केव्हाच सोडून दिलंय ते. तू का धरून बसलायस? हॅलो? ओरेस्ट?"

ओरेस्ट मान वळवून रेषेकडे बघत उभा होता.

"ओरेस्ट नाही, कोल्बी," मी म्हटलं. "मी डोरीन बोलतेय. त्या वर्षी कागद मी वाटले होते."