गेरूचा गोल

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की तो आधी वर बघायचा. रामराम नंतर. घरच्या बाईनं पाण्याचा लोटा पुढे केला तरी मान वरच, त्यामुळे निम्मं पाणी मिशांवर. आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या ओळीत सगळे त्याला मिस्त्रीजी म्हणत. पोरंटोरं त्याची नक्कल करत आभाळाकडे बघत चालत आणि नालीत पडत. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल.

झाशीतल्या त्या क्वार्टरांची छतं म्हणजे जुन्या रुळांवर टाकलेल्या पटिया, म्हणजे दगडी लाद्या. त्या तपासणं हे त्याचं काम. हातात लांब बांबू, कमरेला गेरूची पुरचुंडी. बांबूनं पटिया ठोकायची आणि कान देऊन ऐकायचं. "छत एकदम नईं गिरत, भैया. पैलें कहत है." हे वाक्य दिवसातून वीसदा.

मी तेव्हा विशीत, नोकरी शोधत होतो, म्हणजे रिकामटेकडाच. त्याच्यामागे हिंडायचो. रुळाच्या कडेनं तांबडा ओघळ दिसला की लोखंड आतून फुगतंय, हे त्यानंच शिकवलं. सकाळी अंथरुणावर चुन्याची कपची सापडली तर ती झाडून टाकायची नाही, कुठून आली ते शोधायचं. कालपर्यंत नीट लागणारं दार आज चौकटीला घासलं की बायका सुताराला बोलवायच्या, आणि हा संतापायचा. दाराला कशाला तासता, वर बघा ना!

चांगली पटिया ठण वाजते, तडकलेली बद्द. शंका आली की तो तिथं गेरूनं थाळीएवढा गोल काढायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, गोल हीच त्याची वही. मागून गवंडी यायचे, गोल दिसेल तिथं दुरुस्ती करायचे आणि गोल पुसून टाकायचे. गोल नाही म्हणजे छत पक्कं.

एकदा सीपरी बाजारात चहा पिताना त्यानं मला सांगितलं, कान गेलेत. जन्म इंजिनांच्या शेडजवळ गेला, आता ठण आणि बद्द सारखंच लागतं. नोकरी जाईल म्हणून कुणाला बोललो नाही, डोळे आणि निशाण आहे तोवर निभेल. मी कुणाला सांगणार नाही म्हणालो. तेवढा शब्द मात्र मी पाळला.

त्या वर्षी आमच्या पुढच्या खोलीत ओघळ आला. त्यानं गोल काढला, पंधरा दिवसांत गवंडी येतील, तोवर खाली कुणी बसू नका म्हणाला. चौथ्या दिवशी ग्वाल्हेरची मंडळी ताईला बघायला येणार होती. दोन ठिकाणांहून आधीच नकार आलेला. आई म्हणाली, डोक्यावर हे तांबडं बघून पाहुणे काय म्हणतील, पडक्या घरातली मुलगी? मी कुंचला घेतला. चुन्याचे दोन हात दिले, गोलही गेला आणि ओघळही. पाहुणे गेले की मिस्त्रीजीला सांगून गोल परत काढून घेऊ, असं ठरवलं होतं.

ताईचं जमलं. लग्नाच्या गडबडीत गवंडी आले, वर बघून पुढच्या घरी गेले. विसरलो असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं असतं, पण कुणी विचारलंच नाही. विसरलो नव्हतो. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

त्याच हिवाळ्यात वडील निवृत्त झाले आणि आम्ही सीपरी बाजारात भाड्याच्या घरात आलो. क्वार्टरची किल्ली द्यायला मी गेलो, तेव्हा तपासायला तोच. बांबू ठोकला. बद्द. मला स्वच्छ ऐकू आलं. त्यानं पांढऱ्याशुभ्र छताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ठीक है न, भैया?"

वडिलांचे कागद अडकतील, आईचं नाव निघेल, असं काय काय डोक्यात आलं. मी होकाराची मान हलवली.

दोन महिन्यांनी भर दुपारी ती पटिया खाली आली. तिथं नव्यानं राहायला आलेल्या गार्डची बायको खाली तांदूळ निवडत बसली होती. जागीच गेली.

मिस्त्रीजीला काढून टाकलं. मग एका संध्याकाळी तो आमच्या घरी आला. आत आला आणि वर बघितलंच नाही. खाली बसला, म्हणाला, कान तर गेलेच, आता डोकंही गेलं का तेवढं सांग.

"हमने तुमाए इतै गोला बनाओ हतो कै नईं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"नहीं चाचा," मी म्हणालो. "नहीं बनाया था."

त्यानं लोटाभर पाणी प्यायलं. एक थेंब सांडला नाही.

"तो हमई सें चूक हो गई," म्हणाला आणि उठला.

ती बाई माझ्यामुळे गेली, आणि मरेपर्यंत तिचा भार वाहिला त्यानं. पुढे तो लक्ष्मी ताल या तळ्याजवळच्या देवळाच्या पायरीवर बसलेला दिसायचा, मान खाली. मी दोनदा लांबूनच वळलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा पाऊस लागला होता आणि सगळे आत मंडपात उभे होते. पुजारी त्याला आत बोलावत होता. तो छताखाली यायला तयार नव्हता.