पेटीत शून्य

पेटी उघडली तर आत एकही टोकन नव्हतं. चोवीस घरं, प्रत्येक घराला दहा टोकन, आणि पेटीत शून्य. सल्लागारांनी पेटी उलटी करून हलवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही नीट समजावलं होतं ना?"

नीटच समजावलं होतं. चूक तिथेच झाली.

मी एका संस्थेत फील्ड कोऑर्डिनेटर आहे. मूळची ब्रह्मपुरीची, पण वीस वर्षं काम गडचिरोलीच्या जंगलात, धानोऱ्याच्या बाजूला. गावांना जंगलातल्या वस्तू नीट गोळा करता याव्यात आणि विकता याव्यात, यासाठी ग्रामसभांबरोबर काम करते. त्या वर्षी संस्थेकडे चारोळी फोडायचं एकच यंत्र होतं आणि दावेदार गावं दोन. एक टेकडीवरचं, एक खालचं, डांबरी रस्त्यालगतचं. दोन्ही गावांत बायका जात्यावर चारोळी फोडायच्या आणि तळहात सोलून घ्यायच्या. ज्या गावात एकोपा जास्त त्याला यंत्र, असं ऑफिसने ठरवलं. एकोपा मोजायला हे सल्लागार आले.

चारोळीचं गणित साधं आहे. फळ उन्हाळ्यात काळं पडून पिकतं. पण मी थांबले आणि शेजारणीने हिरवंच ओरबाडलं, तर माझ्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून मीही आधी तोडते. एकेकटीचा विचार केला तर दोघी शहाण्या. दोघींच्या टोपलीत मात्र कच्चा माल, आणि वर फांद्या मोडलेलं झाड. गेम थिअरी नावाचा विषय अशाच पेचांचा अभ्यास करतो. विषयाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार खेळाबद्दल आहे. खेळ असा: एकेकाने पडद्यामागे जायचं. दहापैकी हवी तेवढी टोकन पेटीत टाकायची, उरलेली आपल्याजवळ ठेवायची. पेटीतली शेवटी दुप्पट करून सगळ्यांना सारखी वाटायची. टोकनाला साबण, मीठ असं काही मिळायचं. कोणी किती टाकली ते कोणाला कळणार नाही. आपसात बोलायचं नाही. हे सगळं गोंडी शब्द घालून मीच समजावून सांगितलं होतं.

मी या टेकडीवरच्या गावाच्या ग्रामसभेच्या अध्यक्ष रैनूबाईंना विचारलं, "बाई, एकानंही काऊन नाही टाकलं?"

"लपून टाकलेलं देणं असते का, म्याडम?" त्या म्हणाल्या. "आमच्यात गावासाठी जे द्याचं ते सभेत, सगळ्यायच्या समोर देतात. पडद्याआड काय ठेवाचं? लपून तर चोर ठेवते."

"पण इथे नियमच तसा होता."

"नियम तुमच्या साहेबाचा. त्याले इचारा, घरी पगार देते तं बायकोले डोळे मिटाले लावते का?"

बायका फिदीफिदी हसल्या. रैनूबाईंनी चटई ओढली, पदराची गाठ सोडली आणि आपली दहा टोकन तिच्यावर ओतली. मागून एकेक जण आला. कोणी शर्टाच्या खिशातून, कोणी मुठीतून. मी मोजली. दोनशे चाळीस. एकही कमी नाही.

"सर, हे लिहा," मी म्हटलं.

"खेळ संपल्यानंतरचं लिहिता येणार नाही."

"सगळ्या गावाने सगळं दिलंय, सर. तुमच्यासमोर."

"एकमेकांसमोर दिलंय. तो दबाव झाला. नियम दोन्ही गावांना सारखे हवेत, मॅडम. डेटा म्हणजे डेटा."

मी त्यांना सांगितलं की या गावात पंडुम, म्हणजे नव्या फळाची पूजा, झाल्याशिवाय चारोळीला कोणी हात लावत नाही. जंगल फिरून फळ पाहतात, सभेत दिवस ठरवतात. आधी तोडणाऱ्याने टोपली सभेत आणून ठेवायची आणि का तोडलं ते उभं राहून सांगायचं. दुसरा दंड नाही. तेवढ्यावर हे जंगल टिकलंय. त्यांनी "इंटरेस्टिंग" म्हटलं आणि फॉर्मवर शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्यालगतच्या गावात पेटी जवळजवळ भरून आली. त्या गावाने आमच्यासारख्यांची बरीच प्रशिक्षणं पाहिली आहेत. साहेबाला काय आवडतं ते त्यांना पाठ आहे. यंत्र त्यांना गेलं. मी ऑफिसला फोन केला, तर उत्तर आलं, "तुमचा त्या गावावर जीव आहे, म्हणून तुम्हाला असं वाटतं." वीस वर्षांच्या कामाला हे उत्तर! राग स्वतःचाही आला. बोलायचं नाही, हे त्या लोकांना मीच सांगितलं होतं, आणि सांगताना जीभ अडखळली नव्हती.

त्या उन्हाळ्यात रस्त्यालगतच्या गावाने नेहमीसारखी हिरवी चारोळी ओरबाडली. हिरव्या बीत गर भरलेला नसतो. यंत्रातून नुसता भुसा पडला. दोन दिवस चालवून त्यांनी त्यावर ताडपत्री टाकली.

यंत्र हलवा, म्हणून मी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. रैनूबाईंनी पत्रबित्र काही लिहिलं नाही. पुढच्या हंगामाआधी दहा बायका घेऊन त्या खालच्या गावाच्या सभेत जाऊन बसल्या. मीही होते.

"मशीन तुमच्याजवळ हाय, पिकलेला माल आमच्याजवळ," त्या म्हणाल्या. "जंगल तं लागूनच हाय. आमचा पंडुम होईपर्यंत तुम्ही थांबा, मंग दोघंही मशीन चालवू."

"अन् आमच्यातल्या कोणी तोडलं तं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"तं टोपली इथी ठेवाची, भाऊ. आमी येऊन आयकू."

बराच वेळ वाद झाला. शेवटी हात वर करून ठरलं. त्या हंगामात खालच्या गावात तीन टोपल्या सभेत आल्या. त्यानंतरच्या हंगामात एकही नाही. यंत्र आता चांगलं चालतं. टेकडीवरच्या बायका मात्र अजूनही डोक्यावर गोणी घेऊन उतरतात, काम करून पुन्हा चढतात. यंत्राची जागा कोणी बदलली नाही.

संस्थेच्या अहवालात छापून आलं की खेळामुळे दोन्ही गावांत सहकार्याची भावना रुजली. मसुदा सहीसाठी माझ्याकडे आला, तेव्हा मी ते वाक्य लाल पेनने खोडलं आणि सही केली नाही. अहवाल माझ्या सहीविना गेला.

वीस वर्षांत शिकले ते एवढंच: माणसं एकमेकांसाठी किती थांबतात हे मोजायचं असेल, तर आधी त्यांच्यामध्ये पडदा टांगू नये.