आमच्या माठातलं पाणी

इकडे सरका, जवळ बसा. काऊन हो, सरांबद्दल अर्धवट ऐकता अन् गावभर सांगत सुटता? पुरतं ऐकून तर घ्या.

"विचारा, विचारा. देव प्रश्नाले भेत नाई." हे सरांचं नेहमीचं. विद्यापीठात इतिहास शिकवायचे, नाचणगावात आमच्या शेजारी राहायचे. काहीही वाचण्याआधी क्षणभर डोळे मिटायचे. मग ते पवित्र शास्त्र असो की पोरांचे पेपर. मी चिडवायची, "सर, पेपर तपासायलेही प्रार्थना?"

"ताई, तिथंच तर जास्त लागते!"

माझी लेक त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय जुन्या मिशन शाळांचा. विभागात कुजबुज चाले, "गाईड ख्रिस्ती. तो काय खरं लिहू देते?"

अन् एका खेड्यातल्या म्हातारीनं लेकीला सांगितलं, तिथल्या मिशन शाळेत आमच्या दलित लोकांच्या लेकरांसाठी पाण्याचा माठ वेगळा होता. तो वेगळा ठेवणारे मास्तर म्हणजे सरांचे आजोबा.

लेकीनं ते पानभर लिहून काढलं, मास्तरांच्या नावासकट. शेवटी सरांनाच म्हणाली, "सर, एवढं गाळते मी."

सरांनी चष्मा पुसला. "मले प्रार्थना त्यायनंच शिकवली, पोरी. मांडीवर बसवून."

"म्हणूनच तर म्हणते."

"नाई. गाळशीन तर मी प्रबंधावर सही करणार नाई. खरं झाकून माझा देव मोठा होत नाई."

मग त्या पानाची खबर लागली अन् चर्चचे पंच सरांच्या घरी आले. मी चहा घेऊन गेले होते. "सर, तुमी आपलेच ना? ते पान काढा. नाई तं रविवारचं शास्त्रवाचन दुसऱ्याले द्या लागीन."

तरुणपणापासून ते वाचन सरांकडे होतं. तोच त्यांचा आठवड्याचा सण. सरांनी कप खाली ठेवला अन् म्हणाले एवढंच, "द्या."

पुढे दर रविवारी शेवटच्या बाकावर बसायचे. "बाक बदलला ताई, देव तोच हाये."

लेकीला पदवी मिळाली तेव्हा आमच्या अंगणात पेढे वाटले. लेक म्हणाली, "सर, ते पान तुम्हीच वाचा."

सरांनी डोळे मिटले. मग चर्चमध्ये वाचायचे तशाच खणखणीत आवाजात वाचू लागले. आजोबांचं नाव वाचलं अन् पान खाली ठेवलं. उठले, आमच्या माठातून पेला भरून घेतला, घटाघटा प्याले अन् पान शेवटपर्यंत वाचलं.

आता रिटायर झाल्यापासून सर तळेगावला बहिणीकडे असतात. शेजारच्या दाराला कुलूप आहे.

सर, माठ रोज भरते मी. पण अंगणात बसून वाचायले कोणी नाई. लवकर येजा.