शेवईला ठेवलेलं नाव

झरीच्या नागुबाईची शेवई सुईत ओवावी इतकी बारीक, असं गाव म्हणायचं, आणि नागुबाई ते कधी खोडून काढायची नाही. तिचा पुतण्या चंद्रप्पा पूर्णा जंक्शनवर निजामाच्या रेल्वेत कारकून होता. एकदा दूध-शेवयांच्या दोन वाट्या रिचवून त्यानं सांगितलं, सायबाच्या बंगल्यावर याला 'वर्मिसेली' म्हणतात. नागुबाईला तो शब्द एखाद्या देवीच्या नावासारखा वाटला. तेव्हापासून गल्लीत कुणी शेवई म्हटलं की ती दुरुस्त करायची.

लेकीच्या सुपारीला, लग्न पक्कं करायला, चुडाव्याचे पाव्हणे आले. व्याही उकंडप्पा कडक शिवभक्त. भाजीत एक अळी दिसली तर अख्खी जुडी बाहेर फेकायला लावणारे. नागुबाईनं वाढता वाढता ठसक्यात सांगितलं, ही वर्मिसेली हाय, झरीत दुसऱ्या कुणाला जमत न्हाई.

पाव्हण्यांसोबत तारमास्तर किशनराव होते. त्यांची हयात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली गेलेली. मिशांचं दूध पुसत ते सावकाश म्हणाले, "शब्द इटली मुलखातला. अर्थ, बारक्या अळ्या."

पंगत थबकली. उकंडप्पांनी उचललेला घास वाटीत सोडला. मनातल्या मनात नागुबाईनं चंद्रप्पाच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग ध्यानात आलं की त्या आपल्याच सासरच्या. पण तोंडावर तिनं काही दिसू दिलं नाही.

"मास्तरांचं खरं हाय," ती पदर सावरत म्हणाली. "चांगल्याला नजर लागू नये म्हणून वंगाळ नाव ठेवत्यात. व्याहीबुवा, तुमच्या आईनं तुमाला उकंड्यावर केरात लोळवून उकंडप्पा म्हणलं, ते काय तुमी केर होता म्हणून?"

आधी उकंडप्पांचं पोट हललं, मग मिशा. हसता हसता त्यांनी वाटी पुढं सरकवली.

"वाढा आणखी अळ्या."

सुपारी फुटली, लग्नही झालं. त्या उन्हाळ्यापासून झरीच्या बायका बाजेवर शेवया टाकल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम 'अळ्या वाळायल्यात' म्हणून सांगू लागल्या. पोरं तरीही पळवायचीच.

चंद्रप्पा पुढं दिवाळीला आला, तो 'पुडिंग' हा नवा शब्द घेऊन. नागुबाईनं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

"आधी अर्थ सांग," ती म्हणाली, "मग खा."